बारावा तुकडा

तमिळ पंचांगातला पुरट्टासी महिना निम्म्यावर आला की माळ्यावरून कोलूची पेटी खाली उतरते. नवरात्रात आमच्या तंजावरात घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. अप्पांच्या जुन्या धोतरांत गुंडाळलेल्या त्या बाहुल्या मी एकेक करून सोडवते. मान डोलावणारी बाई, दुकान मांडून बसलेला पोटाळू चेट्टियार, दर वर्षी एक बोट कमी होत जाणारा कृष्ण. पेटी रिकामी झाली की तळाशी एक खाकी पाकीट उरतं. त्यावर अप्पांच्या अक्षरात एक ते बारा आकडे लिहिले आहेत. अकरा आकड्यांपुढे बरोबरची खूण आहे, बाराव्यापुढे नाही. आत एक काळी फ्लॉपी आहे आणि तिच्या पत्र्याच्या झाकणावर पिवळा डाग. गेली पंचवीसेक वर्षं मी ते पाकीट उचलते, उघडते, बघते आणि पुन्हा तळाशी ठेवून देते. डाग माझ्या हातचा आहे.

मला वेग मोजायची खोड आहे. दूध किती वेळात उतू जातं, पापनाशमची बस किती वेळात सुटते आणि कंडक्टर किती वेळात सुटेल म्हणतो, हे सगळं मी मनातल्या मनात मोजत असते. अम्मा म्हणायची, "हिला नवरा दाखवायला आणला, तर ती त्याच्या चालण्याचाच हिशेब करील." तसा एक दाखवायला आला होता. फार सावकाश चालायचा, ते जाऊ द्या.

ही खोड लागली ती त्या एका नवरात्रात. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची होते आणि दक्षिण वीथीतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर शिकवत होते. वर चढायला अरुंद जिना, हिरव्या रंगाच्या भिंती, आणि चार मशीन. मोडेम एकाच मशीनला होता. त्याचा लाइन जोडतानाचा आवाज अजून कानात आहे, आधी शिट्टी, मग किंचाळणं, मग कढईत मोहरी तडतडावी तशी खरखर. माझे विद्यार्थी तो आवाज ऐकायला शेजारच्या वर्गातून उठून यायचे. मला वाटायचं, साऱ्या तंजावरात भविष्यकाळ फक्त माझ्याच खोलीत येऊन बसलाय.

अम्माच्या गळ्याला गाठ आली होती. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या. मग म्हणाले, आवाजाची शीर अगदी लागून आहे, जीवाला धोका नाही, पण आवाज पूर्वीसारखा राहील असं सांगता येत नाही. घरी येऊन चपला काढताना अम्मा म्हणाली, "अक्काच्या बाळाला पाळणा कोण म्हणेल गे मग?"

माझी अक्का लग्न होऊन पुण्याला गेली होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, प्रवासाला डॉक्टरांची मनाई. ती माहेरी येऊ शकत नव्हती आणि अम्मा तिकडं जाऊ शकत नव्हती. अम्माचा पाळणा आमच्या नातलगांत प्रसिद्ध होता. पाळणा एक, पण प्रत्येक बाळासाठी ती शेवटची कडवी नवी रचायची. बारशाला अम्मा नाही म्हटल्यावर लोक तारीख पुढं ढकलायचे. आणि आता स्वतःच्या लेकीच्या बाळापाशीच ती नसणार होती.

अप्पांनी लगेच तोडगा काढला. ते टपालखात्यातून निवृत्त झालेले, त्यांच्या मते जगातली निम्मी दुःखं वेळेवर रजिस्टर न केल्यामुळे होतात. "टेपरेकॉर्डर आहे घरात. कॅसेट भर, रजिस्टर कर. पाच दिवसांत पुण्याला."

मी नाक मुरडलं. कॅसेट! माझ्यासारखी कॉम्प्युटर शिकवणारी बाई घरात असताना कॅसेट? भावजींच्या घरी कॉम्प्युटर होता, मोडेम होता, स्पीकर होते. मी म्हटलं, "अप्पा, कॅसेट झिजते. फ्लॉपीतला आवाज शंभर वर्षं जशाचा तसा राहतो." हे वाक्य आठवलं की आजही कान लाल होतात.

एका शुक्रवारी दुपारी, वर्ग नसताना, अम्माला जिना चढवून वर नेलं. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. अम्मा खुर्चीच्या टोकावर बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "तू जा. तुझ्यासमोर मला लाज वाटते." आम्ही लहान असताना रोज गाणारी बाई, तिला माझी लाज! मी सांगितलं, हे बटण मी दाबते, मग तू म्हण, अडीच मिनिटांनी मशीन आपोआप थांबेल, फ्लॉपीत तेवढंच मावतं. आणि मी जिना उतरून खाली फुलवालीशी बोलत उभी राहिले. वर आले तेव्हा मशीन थांबलेलं होतं आणि अम्मा पदरानं गळ्याचा घाम पुसत होती. मी ऐकून बघायला निघाले तर तिनं हात धरला. "आधी बाळानं ऐकायचं. मग अस्क्यांनी, सगळ्यांनी." म्हणून मीही ते ऐकलं नाही. दोन फ्लॉप्यांवर उतरवलं, एक अक्काची, एक घरची, आणि मशीनवरून पुसून टाकलं, कारण इन्स्टिट्यूटच्या मशीनवर घरचं काही ठेवायचं नाही असा आमच्या सरांचा नियम होता.

अष्टमीला पुण्याहून फोन आला. मुलगी झाली होती. अप्पांनी फोन ठेवला आणि त्याच पावली फ्लॉपी रजिस्टर करायला निघाले. अम्मानं अडवलं. दुसऱ्या दिवशी सरस्वतीपूजा, आयुधपूजा. त्या दिवशी घरातली पुस्तकं, अवजारं सगळी देवापुढं मांडायची, गंध-कुंकू लावायचं, आणि दशमीच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. अम्मा म्हणाली, "एवढं लांब चाललंय. पूजेला बसून जाऊ दे."

नवमीच्या सकाळी मी चंदन उगाळलं. विळीच्या धारेला गंध, कात्रीच्या पात्याला, शिवणयंत्राच्या सुईला, अप्पांच्या पेनाच्या निबला. आमच्या घरचा शिरस्ता असा, की हत्यार जिथं काम करतं तिथं गंध लावायचं, मुठीला नाही. दोन्ही फ्लॉप्यांच्या लेबलांवर मी बोटभर गंध टेकवलं. अम्मा मागून बघत होती. "तिथं नाही गे. ती बोलते कुठनं? तिथं लाव."

मला माहीत होतं. मी रोज मुलांना ओरडून सांगत होते, पत्र्याचं झाकण सरकवू नका, आतल्या चकतीला बोट लावू नका. पण अम्माचं ऑपरेशन दोन दिवसांवर होतं आणि तिनं काहीतरी मागितलं होतं. मी झाकण सरकवलं, चकतीला अगदी बारीक टिकली लावली, वर कुंकवाचा कण. दोन्हींना. झाकण पटकन मिटलं, थोडं गंध त्यालाही लागलं, आणि मनाशी म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय. शहाण्या माणसाची चूक ही अशी सगळं माहीत असताना होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी फ्लॉपी रजिस्टर केली आणि तिथूनच दवाखान्यात आले. ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. अप्पा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज गेला तर जाऊ दे. माणूस राहिलं." अम्मा शुद्धीवर आली, बोलायला तोंड उघडलं, तेव्हा आतून फक्त वारा आला. पुढं हळूहळू आवाज परतला, पण चाळणीतून गाळून यावा तसा. बोलता येईल, गाता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती मान हलवून "सरी", म्हणजे बरं, म्हणाली.

बरोबर पाचव्या दिवशी अक्काचा फोन आला. "जानू, फ्लॉपी पोचली गे. पण उघडतच नाही. मशीन नुसतं करकरतं. बारशाला तीन दिवस राहिलेत."

रिसीव्हर हातात धरून मी उभी होते आणि समोर देवघर दिसत होतं. उगाळलेल्या चंदनाची सहाण अजून तिथंच पालथी पडली होती. अम्माचा आवाज आता साऱ्या जगात एकाच ठिकाणी उरला होता, घरच्या फ्लॉपीत. आणि तिलाही मीच टिकली लावली होती.

दुसऱ्या दिवशी इन्स्टिट्यूटमध्ये ती घातली. तेच करकरणं. पडद्यावर मशीननं विचारलं, पुन्हा प्रयत्न करू की सोडून देऊ? मी पुन्हा, पुन्हा, पुन्हा दाबत राहिले. शेवटी ती काढली, झाकण सरकवलं, आणि टायपरायटर पुसायच्या स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून चकती एकेक बोट फिरवत पुसली. बाळाचे डोळे पुसतात तशी. खाली सुकलेल्या चंदनाचा पिवळसर भुगा पडला. जी फ्लॉपी मिनिटाभरात वाचून व्हायची, ती त्या दिवशी दोन तास वाचत होती. एक टप्पा, मग खरखर, मग माझा जीव टांगणीला, मग पुढचा टप्पा. सगळं आलं, फक्त शेवटचा बारावा हिस्सा काही केल्या आला नाही. डाग तिथंच खोल गेला असावा. मी टेबलावर डोकं टेकलं आणि रडले. अकरा हिस्से मिळाले म्हणून, आणि बारावा नाही म्हणूनही.

आता पुन्हा टपालानं पाठवायला वेळ नव्हता. उरला मोडेम. त्या आठवड्यात रोज दुपारी पाऊस होता, आणि पाऊस पडला की टेलिफोनची लाइन दमेकऱ्यासारखी घरघरायची. अख्खा पाळणा एकदम जायला पाऊण तास लागणार होता आणि लाइन जेमतेम पाच मिनिटं टिकत होती. तेव्हा मी त्याचे शंभर-शंभर केबीचे तुकडे केले. एकेक तुकडा म्हणजे बारा-तेरा सेकंद अम्मा. तो जायला तीन-चार मिनिटं.

अप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. कॅसेटचं नावही काढलं नाही. खिशातून एक खाकी पाकीट काढलं, त्यावर एक ते बारा आकडे लिहिले, न आलेला बारावाही धरून. तुकडा गेला, की पुण्याहून भावजींचा फोन येईपर्यंत वाट बघायची, "पोचला" म्हणाले की खूण. मध्येच लाइन तुटायची. अप्पा विचारायचे, "अर्ध्या वाटेवर पडलेलं कुठं जातं?" मी म्हणायची, कुठं नाही जात अप्पा, नाहीसं होतं. ते त्यांना पटायचं नाही. "टपालात असं नसतं. न पोचलेलं परत येतं."

त्या दिवशी त्यांच्यासाठी मी पहिल्यांदा वेगांचा हिशेब मांडला. फ्लॉपीवरून वाचायला सेकंदाला मशीनच्या भाषेतली तीसेक हजार अक्षरं. अम्मा गाते ती सेकंदाला आठ हजार. मोडेम पावसात पाचशे-सहाशे. आणि रजिस्टर टपाल, पाच दिवस धरले तर, सेकंदाला तीन. अप्पांनी चष्मा वर केला. "तीन? बरं. पण ती तीन रोज, ऊन असो पाऊस असो, चालतात ना?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "आणि तुझी तीस हजारवाली चंदनानं बसली." एवढंच ते बोलले, आणि तेही हसून. जगातल्या सगळ्यांत वेगवान वस्तूवर मी भिस्त ठेवली होती आणि ती बोटभर गंधानं गारद झाली. जी रखडत, तुटत, धापा टाकत चालत होती, तिनं पाळणा पोचवला.

अकरावी खूण झाली तेव्हा बाहेर उघडलं होतं. अप्पांनी पेनाचं टोपण लावलं. बाराव्यापुढची जागा तशीच राहिली.

बारशाला तो पाळणा वाजला. बायका रडल्या, बाळ मात्र ढिम्म झोपलं होतं असं अक्का म्हणाली. "कावेरीच्या काठी गे पाळणा बांधिला", मग कडव्यामागून कडवी, दर कडव्याला जो जो. आणि मग, अक्का म्हणाली, अम्मा एक मोठा श्वास घेते. आणि बंद. पुढचं कडवं सुरू व्हायच्या आत बंद. मी म्हटलं, "अक्का, अम्माला सांगू नकोस." ती म्हणाली, नाही सांगणार.

अक्का नि अप्पांशिवाय मी हे कुणाला सांगितलं नाही. बाळासाठी रचलेलं शेवटचं कडवं माझ्या बोटानं पुसलं गेलं होतं, आणि ते पुन्हा म्हणायला आता गळा नव्हता. सांगून काय होणार होतं? अम्मानं तो पाळणा कधी ऐकायला मागितला नाही. "ते बाळाचं आहे," म्हणायची. मला वाटतं, गेलेला आवाज ऐकायला तिला नको होता. अप्पा गेले त्या वर्षी मी तिला सांगणार होते, पण धीर झाला नाही. मग दर नवरात्रात पेटीच्या तळाशी ते पाकीट, आणि आकडे बारा.

आता अम्मा ऐंशीला आली आहे आणि तिच्या हातात फोन आहे. त्याच चाळणीच्या आवाजात ती दिवसभर पुण्याला, बेंगळुरूला निरोप बोलून पाठवते. सांबारात आज काय घातलं, गुडघा कसा आहे, ओरत्तनाडूची आत्या काय म्हणाली. अडीच मिनिटांचा निरोप, बोट उचलायच्या आत पोचलेला. कधी कधी मी शेजारी बसून मोजते आणि मोजण्यासारखं काही सापडतच नाही.

यंदा अक्काची मुलगी वैष्णवी आली, तीच ती बारशाची. तिला आता चार महिन्यांचं बाळ आहे. षष्ठीच्या संध्याकाळी कोलूपुढं सुंडलच्या, म्हणजे प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीच्या, वाट्या भरून ठेवल्या होत्या, बायका यायच्या होत्या, आणि बाळ रडायला लागलं. वैष्णवीनं त्याला मांडीवर घेतलं आणि पाळणा म्हणायला लागली. कावेरीच्या काठी. अम्मा भिंतीला टेकून बसली होती. ती ताठ झाली. आपलाच पाळणा, आपल्याच हरकती, दुसऱ्या गळ्यातून पहिल्यांदा ऐकत होती. शेवटच्या कडव्याचं जो जो झालं, वैष्णवीनं एक मोठा श्वास घेतला आणि थांबली. बाळ झोपलं.

अम्मानं विचारलं, "हा श्वास कशाला गे?"

"तसाच आहे की आजी. तुझ्या पाळण्यात. मी लहानपणापासून तसाच म्हणते."

"आणि पुढचं?"

वैष्णवीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात सुंडलची वाटी होती, ती मी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. चंदन, झाकण, चकतीवरची टिकली, अकरा खुणा. म्हटलं, "अम्मा, तुझं शेवटचं कडवं मी घालवलं. माझ्यामुळं गेलं." पन्नाशीच्या बाईनं रडू नये असं काही नाही, मी रडले.

अम्माचे खांदे हलायला लागले. ती हसते तेव्हा आता आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात.

"कसलं कडवं? बाळाची कडवी सगळी म्हणून झाली होती, पाळणा तिथंच संपतो."

"मग तो श्वास?"

"पंखा बंद करून, खिडक्या लावून गेलीस तू. घामानं चोळी भिजली होती. एकदाचं झालं म्हणून घेतला तो श्वास. हुश्श केलं मी. मग वाटलं तू दाराशी उभी असशील, म्हणून हाक मारली, 'झालं गे जानू. आत ये. पंखा लाव.' तू कुठं होतीस?"

मी खाली फुलवालीशी बोलत होते.

क्षणभर वाटलं, मला सोडवायला खोटं बोलतेय. पण अम्माला खोटं जमत नाही, तिचं खोटं दुसऱ्या वाक्याला उघडं पडतं. आणि तिला त्या हिरव्या भिंती आठवत होत्या, खुर्चीचा हलणारा पाय आठवत होता, आपण बोललो आणि कुणी ओ दिली नाही याचा रागही आठवत होता. पंचवीस वर्षं मी एका कडव्यासाठी झुरत होते, आणि पुसलं गेलं होतं ते एवढंच. मला इतकं हलकं वाटलं की आधी हसूच फुटलं. वैष्णवी म्हणाली, "म्हणजे मी आजवर आजीचा घाम गात होते?" अम्माचे खांदे पुन्हा हलायला लागले.

मी आतून पेन आणि पेटीतलं पाकीट आणलं आणि बाराव्या आकड्यापुढं खूण केली. न पोचलेलं परत येतं, असं अप्पा म्हणायचे. मग ते पाकीट पेटीत न ठेवता कोलूच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर, चेट्टियारच्या शेजारी ठेवलं. बायका यायला लागल्या होत्या, खोली भरली, उकडायला लागलं.

अम्मानं पदरानं गळा पुसला आणि तिच्या त्या चाळणीच्या आवाजात म्हणाली, "जानू, पंखा लाव गे."

मी दाराशीच उभी होते. लगेच लावला.